मासा दिसला, पण गळाला लागेल का?

नोव्हेंबर २०२०. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या लेक फोर्क या जलाशयावर बास मासे धरण्याच्या ‘बासमास्टर एलिट’ मालिकेतली चार दिवसांची स्पर्धा झाली. पॅट्रिक वॉल्टर्स या तरुणाने ती जिंकली. त्याच्या माशांचं एकूण वजन भरलं १०४ पौंड १२ औंस, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस किलो. दिवसाला फक्त पाच मासे धरायचे, असे चार दिवसांचे. हा आकडा मोठा होताच, पण लोकांची बोलती बंद झाली ती दुसऱ्या आकड्याने. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकापेक्षा तो २९ पौंड १० औंसांनी पुढे होता. ज्या खेळात औंसा-औंसावर निकाल फिरतात, तिथे तेरा किलोंहून जास्त आघाडी!

वॉल्टर्स किनारा धरून गळ टाकत नव्हता. खुल्या पाण्यात, धरण भरताना बुडालेल्या झाडांच्या आसपास, ना तळाला ना वर असे अधांतरी राहणारे मासे तो नावेच्या नाकाडावर बसवलेल्या पडद्यावर बघत होता. त्यातला एकेक हेरून त्याच्याच तोंडासमोर आमिष नेत होता. पाण्यातला मासा जिवंत हलताना दाखवणारं हे यंत्र म्हणजे पुढे बघणारं लाइव्ह सोनार, ध्वनी सोडून पाण्यातलं हुडकणारं यंत्र. बास मासेमारीच्या जगात गेल्या काही वर्षांत दुसऱ्या कशावरही इतकं तोंड वाजलेलं नाही.

आधी मासा, मग यंत्र

‘बास’ म्हटलं की आपल्याकडच्या खवय्यांना सी बास आठवणार, म्हणजे रायगडचा जिताडा किंवा गोव्याकडचा चोणक. हा तो नव्हे. अमेरिकेतला लार्जमाउथ बास आणि त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास हे गोड्या पाण्यातले, सनफिश कुळातले मासे. स्वभावाने पक्के शिकारी. लार्जमाउथ गवतात, बुंध्याच्या आडोशाला, धक्क्याच्या खांबांच्या सावलीत दबा धरून बसतो आणि समोरून लहान मासा गेला की झडप घालतो. गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उड्या मारतो, झुंजतो. लोक त्याच्यामागे लागतात ते या झुंजीसाठी, चवीचा भाग दुय्यम.

या छंदाला स्पर्धेचं रूप दिलं रे स्कॉट या विमा एजंटाने. अलाबामातल्या माँटगोमेरीचा हा गडी. १९६७ च्या जूनमध्ये त्याने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. प्रवेश फी शंभर डॉलर, तरी १०६ जण आले. पुढच्या वर्षी त्याने बी.ए.एस.एस. ही संघटना काढली आणि १९७१ मध्ये पहिली ‘बासमास्टर क्लासिक’ घेतली. त्या वेळी त्याने एक नामी युक्ती केली. २४ स्पर्धकांना विमानात बसवलं, पण चाललोय कुठे हे सांगितलंच नाही. विमान वर गेल्यावर जाहीर केलं की स्पर्धा नेवाडातल्या लेक मीडवर आहे. कोणी आधी जाऊन पाणी चाळून ठेवू नये, गावातल्या माहीतगाराकडून जागा काढून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. अनोळखी पाण्यावर गेल्यावर ऋतू, ऊन, वारा, पाण्याचा रंग बघून ‘आज मासा इथे असणार’ हे ज्याला ओळखता येईल तो खरा. बॉबी मरे जिंकला आणि दहा हजार डॉलर घेऊन गेला. आज क्लासिकचं पहिलं बक्षीस तीन लाख डॉलर आहे.

विमानातली ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सोनारवरच्या भांडणाचं मूळ तिच्यात आहे. स्कॉटला मोजायचा होता तो अंदाज. मासा ओढून नावेत घेणं हे त्यातलं शेवटचं काम, आणि तुलनेने सोपं.

नियम थोडक्यात सांगतो. दिवसभरात कितीही मासे धरा, वजनाला पाचच न्यायचे. सहावा मोठा मिळाला की आधीच्यातला सगळ्यात लहान सोडून द्यायचा. नावेतच खेळत्या पाण्याची टाकी असते, तिच्यात मासे जिवंत ठेवतात, संध्याकाळी काट्यावर चढवतात आणि परत पाण्यात सोडतात. जिवंत सोडण्याचा हा आग्रह १९७२ पासूनचा, तोही स्कॉटचाच. मेलेला मासा आणला तर वजनातून दंड कापला जातो. मेजर लीग फिशिंग ही दुसरी मोठी संघटना. तिच्या बास प्रो टूरवर मासा नावेतच तोलून लगेच सोडतात आणि कोण किती पुढे आहे हे प्रत्येकाला क्षणोक्षणी कळत राहतं.

आवाज जातो, आवाज येतो

पाण्यात प्रकाश फार लांब जात नाही. गढूळ जलाशयात हात दोन हात खालचं दिसत नाही. आवाज मात्र पाण्यात मजेत धावतो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, गोड्या पाण्यात जवळजवळ १,४८० मीटर. म्हणून पाण्यात ‘बघायचं’ तर कानाने.

सोनारचा गाभा आहे तो ट्रान्सड्यूसर नावाचा तुकडा. त्यात अशा पदार्थाची चकती असते की वीज दिली की ती थरथरते आणि कोणी थरथरवली की वीज देते. या गुणाचा शोध क्युरी बंधूंनी १८८० मध्ये लावला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी पॉल लांजव्हाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो कामाला लावला. चकतीला विजेचा झटका दिला की ती पाण्यात एक बारीक ध्वनी सोडते, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा. तो तळावर आपटून परत येतो, तीच चकती तो ऐकते आणि यंत्र मधला वेळ मोजतं. तळ दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे सुमारे साडेतेरा हजारांश सेकंद.

मग मासा कसा दिसतो? माशाचं मांस घनतेला पाण्याच्या जवळपासचं, त्यामुळे ध्वनी त्यातून बराचसा आरपार जातो. पण बाससारख्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. वर-खाली होताना पाण्यात तोल सांभाळायला ती त्याच्या कामाची. पाण्यातून आलेल्या ध्वनीला हवा लागली की तो जवळपास सगळाच उलटून येतो. पडद्यावर जो मासा चमकतो त्यात मोठा वाटा असतो त्या पिशवीचा. म्हणजे माशाचा हा अवयवच त्याची चुगली करतो.

माशांचे थवे शोधायला या ध्वनीचा धंदेवाईक वापर जपानमधल्या फुरुनो बंधूंनी सुरू केला, १९४८ मध्ये. तो समुद्रावरच्या मोठ्या नावांसाठी होता. छंदापायी गळ टाकणाऱ्याच्या लहान नावेत हे यंत्र आणलं अमेरिकेतल्या कार्ल लोरन्स आणि त्याच्या मुलांनी, १९५७ च्या सुमारास. त्यांची हिरवी पेटी पुढे इतकी खपली की जुने लोक अजून तिला ‘ग्रीन बॉक्स’ म्हणूनच आठवतात. तिच्यावर चित्र नव्हतं. गोल तबकडीवर एक दिवा फिरायचा, तळाच्या आकड्यापाशी लुकलुकायचा आणि मध्येच कुठे आणखी लुकलुक झाली तर तिथे काहीतरी आहे असं समजायचं. ते ‘काहीतरी’ मासा, झाडाची फांदी की निव्वळ बुडबुडे, हे सवयीने कळायचं.

पुढे तबकडी जाऊन पडदा आला, आणि पडद्याबरोबर आजपर्यंत न गेलेला एक गैरसमज आला. जुन्या पद्धतीच्या सोनारवर मासा कमानीसारखा दिसतो. नवखा म्हणतो, ‘केवढी लांब कमान, केवढा मासा!’ पण हा पडदा म्हणजे चित्र नव्हेच, ती नोंदवही आहे. उजव्या कडेला आत्ताचा क्षण, जसजसं डावीकडे जाल तसा मागचा. ध्वनी खाली शंकूसारखा पसरत जातो. नाव पुढे सरकताना मासा आधी शंकूच्या कडेला सापडतो, तेव्हा तो तिरका म्हणून लांब भासतो. मग बरोबर खाली येतो, तेव्हा सगळ्यात जवळ. मग पुन्हा कडेला, पुन्हा लांब. लांब-जवळ-लांब, झाली कमान. नाव आणि मासा दोघंही थांबले तर तोच मासा पडदाभर सरळ रेघ काढेल. कमानीची लांबी मासा शंकूत किती वेळ होता ते सांगते. आकाराचा अंदाज करायचा तर रेघेची जाडी आणि तीव्रता बघायची, तीही बेताबेताने.

कंपनसंख्येचं गणितही इथेच उरकून घेऊ, कारण पुढे लागेल. जुनी यंत्रं साधारण २०० किलोहर्ट्झवर चालायची. त्या ध्वनीची पाण्यातली एक लाट सुमारे साडेसात मिलिमीटरची. लाटेपेक्षा फार बारीक तपशील दिसत नाही, म्हणून चित्र ढोबळ. कंपनसंख्या वाढवून दहा लाख हर्ट्झवर नेली की लाट दीड मिलिमीटरची होते, चित्र टोकदार होतं. पण पाणी असा ध्वनी लवकर शोषून घेतं. बारीक दिसेल, पण लांबचं दिसणार नाही. सोनार बनवणारी प्रत्येक कंपनी याच ओढाताणीत असते.

२००५ मध्ये हमिनबर्ड कंपनीने साइड इमेजिंग आणलं. पुढून-मागून अरुंद पण आडवा लांबवर पसरणारा ध्वनीचा पट्टा, नावेच्या दोन्ही बाजूंना. नाव सरळ चालवत नेली की जलाशयाच्या तळाचा जवळपास छायाचित्रासारखा पट उमटतो. धरणाखाली गेलेला जुना रस्ता, पुलाचे दगड, बुडालेल्या झाडाची फांदी न् फांदी. त्याला जीपीएसची जोड मिळाली. मग सरावाच्या दिवसांत लोक गळ न टाकता दिवसभर नुसती नाव फिरवून जागांच्या खुणा करू लागले. त्या वेळीही ‘आता खेळात राम राहिला नाही’ म्हणणारे होते. पण त्या पडद्यावर दिसायचं ते घर. घरात आत्ता कोणी आहे का, हे गळ टाकूनच कळायचं.

पाण्याची सोनोग्राफी

२०१८ मध्ये गार्मिनने लाइव्हस्कोप बाजारात आणलं आणि घरातला रहिवासीही दिसू लागला. लोरन्सचं अ‍ॅक्टिव्ह टार्गेट २०२० मध्ये, हमिनबर्डचं मेगा लाइव्ह २०२१ मध्ये, म्हणजे तीन वर्षांत तिन्ही कंपन्या मैदानात.

हे कसं चालतं ते समजायला दवाखान्यातली सोनोग्राफी डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर पोटावर एक ठोकळा फिरवतात आणि पडद्यावर बाळ हातपाय हलवताना दिसतं. लाइव्ह सोनार तत्त्वाने तेच. ठोकळा पाण्यात, पोटाच्या जागी जलाशय. फरक आहे तो पल्ल्यात. पोटात काही सेंटिमीटर बघायचं, इथे वीस-तीस मीटर. म्हणून सोनोग्राफीपेक्षा कमी कंपनसंख्या, लाइव्हस्कोपमध्ये ५३० ते १,१०० किलोहर्ट्झ.

अडचण होती ध्वनीच्या वेगाची. समजा तीस मीटरपर्यंत बघायचंय. ध्वनीला जाऊन यायला साठ मीटर, म्हणजे सुमारे ०.०४ सेकंद. समोरचा १३५ अंशांचा पंखा एकेक अंश करून चाचपत गेलं तर एक चित्र पुरं व्हायला पाच सेकंदांहून जास्त लागतील. तोवर मासा कुठल्या कुठे. यावर उपाय असा की ट्रान्सड्यूसरमध्ये एका चकतीऐवजी बारीक चकत्यांची रांग बसवायची. समोरून सरळ आलेला प्रतिध्वनी सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो. तिरका आला तर एका टोकाच्या चकतीला आधी, दुसऱ्या टोकाच्या चकतीला किंचित नंतर. किंचित म्हणजे किती? एक मिलिमीटर जायला ध्वनीला पाण्यात मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा, दोन तृतीयांश भाग लागतो. इतका बारीक फरक मोजून संगणक ठरवतो की हा प्रतिध्वनी अमुक कोनातून आला. मग ध्वनी एकदा सोडायचा आणि सगळ्या दिशांची उत्तरं एकदम ऐकायची. असं सेकंदाला अनेकदा केलं की चित्र हलू लागतं. मायक्रोसेकंद मोजणारी ही यंत्रणा पूर्वीही होती, पण लष्कराकडे आणि इस्पितळांत. ती साधारण दीड हजार डॉलरला गळवाल्याच्या हाती आली, ही खरी उलथापालथ. पडदा, बॅटऱ्या, खांब यांचा खर्च वेगळा.

आता नावेवर काय चालतं ते बघा. स्पर्धक पुढच्या टोकाला उभा, एक पाय विजेच्या छोट्या मोटरच्या पायपट्टीवर. ट्रान्सड्यूसर त्या मोटरच्या दांड्यावर किंवा वेगळ्या खांबावर. खांब फिरवेल तिकडची पाण्याची फाक पडद्यावर येते. काळ्या पार्श्वभूमीवर पंधरा मीटरवर, चार मीटर खोल, एक पांढुरका ठिपका आहे. खाली लहान माशांचा ढगासारखा थवा. स्पर्धक ठिपक्याच्या तीन-चार मीटर पलीकडे आमिष टाकतो. बहुतेक वेळा ते वजनदार डोक्याच्या गळाला ओवलेलं रबरी मासोळीसारखं काही असतं. दुसरा, बारीक ठिपका पडद्यावर उतरू लागतो, हे त्याचं स्वतःचं आमिष. तो रॉडचं टोक थरथरवत ते माशाच्या थोडं वरून आणतो, कारण बास वरचं पटकन बघतो. मोठा ठिपका वळला. वर आला. मागे लागला. आता वेग कमी केला तर संशय, फार वाढवला तर नाद सोडेल. ठिपका आमिषाला टेकतो, दोन्ही एक होतात, हाताला झटका. किंवा टेकता टेकता थबकतो आणि मुकाट खाली निघून जातो. असं दिवसातून शंभरदा होतं, आणि पूर्वी हे शंभर नकार कोणाला कळतही नव्हते. पाणी रिकामं आहे असं समजून लोक निघून जायचे.

माझ्या मते या यंत्राने सगळ्यात मोठी भर घातली ती इथे. बासने आमिष नाकारलं आणि बास तिथे नव्हताच, या दोन गोष्टी पहिल्यांदा वेगळ्या झाल्या. खुल्या पाण्यात चाऱ्याच्या थव्यामागे हिंडणारे एवढे बास आहेत हेही अनेकांना पडद्यानेच पटवून दिलं. त्याआधी बास म्हणजे किनारा, गवत, आडोसा असंच शिकवलं जायचं.

पडद्याला न दिसणारं

हे वाचून वाटेल की यंत्र घेतलं की मासे आपोआप नावेत. तसं नाही. ठिपका बासचा की कार्पचा, हे पडदा सांगत नाही. चाल, आकार, थव्यातली जागा यांवरून ते ओळखायला शिकावं लागतं. तळाला चिकटलेला मासा तळाच्या चमकेत हरवतो. दाट गवतात तर यंत्र आंधळंच. गवताची काडी न् काडी ध्वनी परत पाठवते आणि पडदा नुसता पांढराफेक होतो. फ्लोरिडातली उथळ, गवताळ पाणी म्हणूनच जुन्या धाटणीच्या लोकांना अजून आपली वाटतात. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्याच सेंट जॉन्स नदीवर रिक क्लन यांनी एलिट मालिकेची स्पर्धा जिंकली, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते.

यंत्रामुळे सगळंच बदललं नाही हे दाखवायला त्याच्या बाजूचे लोक एक विक्रम हमखास पुढे करतात. एलिट मालिकेतल्या चार दिवसांच्या स्पर्धेतलं सर्वाधिक वजन आहे १३२ पौंड ८ औंस. ते पॉल इलायस यांनी टेक्सासच्या फाल्कन लेकवर २००८ मध्ये भरवलं, म्हणजे लाइव्हस्कोप यायच्या दहा वर्षं आधी. २०२४ मध्ये लेक फोर्कवर १९ वर्षांच्या ट्रे मॅकिनीने १३० पौंड १५ औंसांपर्यंत मजल मारली, पण विक्रम थोडक्यात वाचला. लार्जमाउथचा जागतिक विक्रम तर त्याहून बोलका आहे. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जियात धरलेला २२ पौंड ४ औंसांचा मासा, दहा किलोंचा. त्याची बरोबरी झाली ती २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. विक्रम हे पाण्यात किती मोठे मासे आहेत त्यावर ठरतात. स्पर्धा कोण जिंकतं, हे बघायला निकालाची यादी चाळावी लागते, आणि तिथे विशीतल्या पोरांची गर्दी झाली आहे. २०२५ ची क्लासिक जिंकणारा ईस्टन फॉदरगिल २२ वर्षांचा होता. त्याने टेक्सासच्या लेक रे रॉबर्ट्सवर तीन दिवसांत ७६ पौंड १५ औंस भरले, क्लासिकमधलं पाच माशांच्या नियमाखालचं सर्वाधिक वजन. अशा पोरांना ‘व्हिडिओ गेम खेळणारे’ म्हणून हिणवणं सोपं आहे. पण तीस वर्षं घालून एकेका जलाशयाचा स्वभाव पाठ केलेल्या माणसाची पुंजी काही मोसमांत निम्म्या किमतीची झाली, हे दुःखही खोटं नाही.

भांडण आणि तोडगे

तक्रारी तीन. पहिली कौशल्याची, ती सांगून झाली. दुसरी पैशाची. एक नाव, तिच्यावर चार-पाच मोठे पडदे, कधी दोन-तीन लाइव्ह ट्रान्सड्यूसर वेगवेगळ्या दिशांना रोखलेले. ज्याच्या खिशात जास्त, त्याला पाण्यात जास्त डोळे. तिसरी तक्रार प्रेक्षकांची, आणि ती मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. थेट प्रक्षेपणात तासन्‌तास मान खाली घालून पडद्याकडे बघणारा माणूस कोण बघणार? पाण्यावर उसळी मारून आमिष गिळणारा बास बघायला लोक बसतात.

संघटनांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. बी.ए.एस.एस.ने २०२५ च्या एलिट मालिकेसाठी नियम केला की लाइव्ह ट्रान्सड्यूसर एकच, आणि नावेवरच्या सगळ्या पडद्यांची मापं मिळून ५५ इंचांच्या आत. हा पैशाच्या तक्रारीवरचा उतारा. मेजर लीग फिशिंगने त्याच वर्षी बास प्रो टूरवर दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात लाइव्ह सोनारला परवानगी दिली. कोणत्या सत्रात वापरायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सकाळी मासे उथळात येतात तेव्हा यंत्र बंद ठेवून दुपारी चालू करायचं, की सकाळीच धडाका लावून आघाडी घ्यायची, असा एक नवाच डाव खेळात शिरला. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीग या तुलनेने छोट्या संघटनेने तर स्पर्धेच्या दिवसांत लाइव्ह सोनार सरळ बंद करून टाकलं.

मला सत्रांची वाट अधिक हुशारीची वाटते. तिच्यात एकाच माणसाची दोन्ही रूपं एकाच दिवशी, एकाच पाण्यावर दिसतात. पूर्ण बंदीची मागणी करणाऱ्यांनी मात्र एक सांगावं, रेघ ओढायची कुठे? साइड इमेजिंग चालतं, जीपीएस चालतं, लोरन्सची हिरवी पेटी तर चालतेच. जो तो आपल्या तरुणपणातल्या यंत्रानंतर रेघ ओढतो.

कोकणातल्या वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे यांवरून रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, आणि यांत्रिक नौकावाले यांच्यात वर्षानुवर्षं खडाजंगी चालू आहे. एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी समुद्रातले दिवे पुरते विझले नाहीत. पण साम्य तिथेच संपतं. मालवणात प्रश्न आहे तो माशांच्या साठ्याचा आणि घरातल्या चुलीचा. बास स्पर्धेत धरलेला मासा संध्याकाळी पाण्यात परत जातो, त्यामुळे जलाशय रिकामा होण्याची भीती तितकी नाही. धोका आहे तो उन्हाळ्यात, तापलेल्या पाण्यात, दिवसभर टाकीत राहिलेल्या माशाला, आणि खोलातून झपकन वर ओढलेल्याला. दाब उतरला की हीच हवेची पिशवी फुगते आणि माशाला परत खाली जाता येत नाही. क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या दुसऱ्या माशासारखे मासे लोक खायला घरी नेतात. तिथे लाइव्ह सोनारची चिंता जास्त खरी आहे.

माशाला हे ऐकू येतं का?

स्पर्धकांमध्ये एक कुजबुज वाढते आहे. ज्या पाण्यावर लाइव्ह सोनारवाल्यांची वर्दळ जास्त, तिथले बास खांब आपल्याकडे वळला की सटकतात म्हणे. काही जण तर उथळात शिरताना जुनं, खाली बघणारं सोनारही बंद करून टाकतात.

बासचं ऐकणं आपल्याहून खालच्या पट्टीतलं, फार तर काहीशे हर्ट्झचं. पाच लाख हर्ट्झ त्याच्या कानाच्या आवाक्यातच नाहीत. एक अपवाद शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. अमेरिकन शॅड या माशाला १८० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी जाणवतो. बहुधा डॉल्फिनच्या शिकारी आवाजापासून वाचण्यासाठी आलेली ही ताकद. पण लाइव्हस्कोप त्याच्याही तिप्पट वर बोलतं. त्यामुळे बास बिचकत असेलच, तर कारण नावेवर दुसरीकडे शोधावं लागेल. विजेच्या मोटरचा गुणगुणाट खालच्या पट्टीतला आहे, दिशा बदलताना तिचा दांडा कुरकुरतो आणि डोक्याजवळ धपकन पडणारं आमिषही बासला नीट ऐकू येतं. काही स्पर्धक आता मोटरचा वेग एकदा लावला की बदलत नाहीत. चालू-बंद, चालू-बंद असा आवाज टाळायचा, आणि लांबूनच आमिष फेकायचं.